तणनाशक बांधापलीकडे उडू नये म्हणून: फवारणीचे टप्पे, क्रमानं

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाची फूट बोट-दोन बोटं वाढलेली असते आणि त्याच सुमारास शेजारच्या पूर्वहंगामी उसात २,४-डी, म्हणजे रुंद पानाचं तण मारणारं तणनाशक, मारायची वेळ येते. काही दिवसांनी द्राक्षाची कोवळी पानं अर्धवट मिटलेल्या पंख्यासारखी दिसू लागतात, शिरा एकमेकींजवळ सरकतात, कडा करवतीसारख्या होतात. कापसात तेच पान भेंडीच्या पानासारखं चिरत जातं. मग बांधावर भांडण होतं. फवारणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: "पण तेव्हा वारा अजिबात नव्हता हो!"

तो खोटं बोलत नसतो. वारा खरंच नसतो, आणि चूक तिथंच झालेली असते.

पुढचे टप्पे मुख्यतः ऊस, ज्वारी, मका, गहू यांतल्या तणनाशकासाठी लिहिले आहेत, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यातून होतं. कीटकनाशक, बुरशीनाशकाला जिथं वेगळं वागायचं तिथं तसं सांगितलं आहे. क्रम मोडू नका. बहुतेक जण चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि पहिले तीन नुकसान झाल्यावर आठवतात.

## टप्पा १. आदल्या दिवशी चारही बांध फिरा

एका कागदावर शेताचा चौकोन काढा, पूर्व-पश्चिम लिहा आणि प्रत्येक बाजूला काय आहे ते मांडा. नुसतं "शेजाऱ्याचं रान" लिहून भागत नाही. पीक कोणतं, वाढीच्या कोणत्या अवस्थेत आहे, बांधापासून किती पावलांवर आहे, एवढं हवं.

२,४-डीला सगळ्यात हळवी पिकं म्हणजे कापूस आणि द्राक्ष. त्यांच्या मागोमाग टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, वेलवर्गीय भाज्या, पपई, डाळिंब, तूर-हरभऱ्यासारखी कडधान्यं आणि सोयाबीन. रुंद पानाचं जवळपास सगळंच यात आलं. उसाला काही होत नाही म्हणून औषध सौम्य आहे असं समजू नका. ते निवडक आहे, एवढंच. कापसाला आणि द्राक्षाला शिफारशीच्या मात्रेचा अगदी नगण्य अंशही पानं वाकडी करायला पुरतो.

पिकांशिवाय आणखी काही गोष्टी कागदावर हव्यात: शेततळं, विहीर, गोठा, कापून ठेवलेला चारा, वस्ती, शाळा, परागीभवनासाठी ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेट्या आणि तुतीची बाग. तुतीचा विसर फार पडतो. जालना-बीडकडं रेशीम वाढलं आहे आणि तिथं पान दिसायला हिरवंगार असतं, पण शेजारून उडालेलं कीटकनाशक त्यावर बसलेलं असेल तर रेशमाच्या आळ्या पान खाऊन मरतात. पानाकडं पाहून काही कळत नाही.

आता प्रत्येक बाजूपुढं एकच ओळ लिहा: कोणत्या दिशेचा वारा चालणार नाही. पूर्वेला द्राक्षबाग असेल तर पश्चिमेकडून येणारा वारा चालणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा असतो, म्हणजे खरिपात पूर्वेचा आणि ईशान्येचा बांध कायम धोक्यात. हिवाळ्यात हे चित्र पालटतं. मागच्या हंगामाचा अंदाज या हंगामाला लावू नका.

तपासा: दोन विरुद्ध बाजूंना हळवी पिकं असतील तर पूर्ण शेत एका दिवसात होणार नाही. दोन दिवस, दोन वेगळ्या वाऱ्यांत, अर्धं-अर्धं. हे मजूर सांगायच्या आधी ठरवा, कारण मजूर आल्यावर कुणी परत पाठवत नाही.

## टप्पा २. औषधाचा प्रकार पाहा, फक्त नाव नाही

औषध दोन वाटांनी उडतं. एक, फवारताना बारीक थेंब वाऱ्यावर जातात. दोन, फवारणी संपल्यावर पानावरून, मातीवरून औषधाची वाफ होते आणि ती सरकते. पहिली वाट नोझल आणि वेळ सांभाळून बरीच बंद करता येते. दुसरीवर पंप धुऊन घरी गेल्यावर तुमचा काही ताबा उरत नाही. तिचा बंदोबस्त दुकानातच करावा लागतो.

२,४-डी बाजारात तीन रूपांत मिळतं: इथाइल एस्टर, अमाइन सॉल्ट आणि सोडियम सॉल्ट. यातलं एस्टर वाफ होऊन उडणारं आहे. ऊन वाढलं की वाफ वाढते, आणि सकाळी अचूक फवारलेलं एस्टर दुपारी शेजारच्या रानात पोहोचू शकतं. हळवं पीक जवळ असेल तर एस्टर घेऊच नका. अमाइन किंवा सोडियम सॉल्ट घ्या. दुकानदार "एकच आहे, घेऊन जा" म्हणाला तरी डब्यावरचा मजकूर स्वतः वाचा.

इशारा: अमाइन सॉल्ट वाफ होऊन फारसं जात नाही, याचा अर्थ ते उडतच नाही असा नाही. त्याचे थेंब इतर कुठल्याही थेंबांसारखेच वाऱ्यावर जातात. "अमाइन आहे, काळजी नाही" म्हणून भर वाऱ्यात फवारणारे मी पाहिले आहेत.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: इथं फवारायलाच हवं का? द्राक्षाला लागून असलेल्या उसाच्या कडेच्या चार-पाच सऱ्या खुरपून घेतल्या तर मजुरी जाते, पण ती भांडणाच्या खर्चापेक्षा कमीच असते. तण दोन-चार पानांवर असतानाच उरकलं तर खुरपणीही हलकी होते.

सिलिकॉनचा स्प्रेडर सवयीनं टाकू नका. पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की थेंब आणखी बारीक फुटू शकतात. लेबलवर सांगितला असेल तरच, आणि तेवढाच.

## टप्पा ३. पंप, नोझल, दाब

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. त्याच्यावर लाल रंगानं मोठं "तण" लिहा. हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि पाळलेला नसतो. एकदा मीही पाळला नव्हता; दोनदा धुतलेल्या पंपानं वांग्यावर बुरशीनाशक मारलं आणि शेंडे वाकडे झाले. आठवडाभर मी शेजाऱ्याला दोष देत होतो.

नोझल. कीटकनाशकासाठी वापरतात ते पोकळ शंकूचं, म्हणजे हॉलो कोन नोझल धुक्यासारखा फवारा देतं. किडीसाठी ते बरोबर, तणनाशकासाठी चूक. तणनाशकाला पंख्यासारखा चपटा फवारा देणारं फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट वापरा. हवा खेचून जाड थेंब देणारं एअर इंडक्शन नोझल मिळालं तर ते उत्तम. पंपासोबत आलेलं फिरवून झोत बदलणारं पितळी नोझल तणनाशकाला लावू नका. फिरवताना ते कुठं थांबेल याचा भरवसा नसतो.

थेंबाच्या जाडीनं एवढा फरक का पडतो? स्थिर हवेत सुमारे ३ मीटर खाली यायला १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंबाला जवळपास १० सेकंद लागतात. २० मायक्रॉनच्या थेंबाला ४ मिनिटं. ४ मिनिटांत झुळूकही त्याला कुठच्या कुठं नेईल. साधारण १५० मायक्रॉनच्या खालचे सगळे थेंब उडणारेच धरून चाला.

दाब. दाब वाढवला की फवारा लांब जातो आणि काम उरकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात थेंब बारीक होतात. फ्लॅट फॅनला तणनाशकासाठी १ ते २ बार, म्हणजे अंदाजे १५ ते ३० पीएसआय पुरतो. बॅटरी पंपाचा रेग्युलेटर सगळ्यात खालच्या टप्प्यावर ठेवून सुरुवात करा. एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या पंपाच्या गननं तणनाशक मारू नका. अर्ध्या तासात एकर होतो, खरं आहे. त्यात शेजाऱ्याचंही थोडं होतं.

नोझल झिजतं तेव्हा जास्त पाणी सोडतं आणि झोत वेडावाकडा होतो. एक मिनिट मोजपात्रात पाणी धरा, मग त्याच दाबावर नवं नोझल लावून धरा. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जुनं फेकून द्या. भोक तारेनं किंवा टाचणीनं साफ करू नका, जुना दातांचा ब्रश वापरा. तोंड लावून फुंकर तर कधीच मारू नका.

हूड. सरीतलं तण मारताना नोझलवर प्लॅस्टिकचा हूड, म्हणजे टोपीसारखा आडोसा लावा. विकत मिळतो, नसेल तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन बुडातून कापून बसवता येतो. उघड्या नोझलपेक्षा तो कधीही बरा.

गुंठ्याची चाचणी. एकरी किती पाणी जातं हे अंदाजानं सांगणारे बरेच असतात, मोजणारे थोडे. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे एक गुंठा दोरीनं आखा. टाकीत साधं पाणी भरून, खुणेपर्यंत, नेहमीच्या चालीनं फवारा. मग खुणेपर्यंत परत भरायला किती लिटर लागलं ते मोजा आणि ४० नं गुणा. ५ लिटर लागलं तर एकरी २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे साधारण १३ पंप. लेबलवरच्या एकरी मात्रेला १३ नं भागलं की एका पंपाची मात्रा मिळाली. झाकणाच्या मापानं औषध ओतायची सवय इथं सोडा.

ही चाचणी ज्या माणसाकडून फवारून घ्यायचं त्याच्याच चालीनं करा. मालकाची चाल आणि मजुराची चाल सारखी नसते.

तपासा: त्याच साध्या पाण्यात कपड्यांची नीळ कालवा. बांधावर गुडघ्याच्या उंचीला काठ्यांवर पांढरे कागद अडकवा, एक बांधावर, एक पाच पावलं पलीकडे, एक दहा पावलं पलीकडे. कडेची सरी फवारून बघा. दहा पावलांवरच्या कागदावर निळे ठिपके उमटले तर नोझल, दाब किंवा उंची यातलं काहीतरी चुकतंय. सगळ्यात बारीक थेंब कागदावर दिसतही नाहीत, त्यामुळे कागद कोरा राहिला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. पण ठिपके पडले तर मात्र थांबायचंच.

## टप्पा ४. वेळ आणि वारा

सगळ्यात जास्त गैरसमज याच टप्प्यावर आहेत, म्हणून इथं थोडं थांबू.

बहुतेकांना वाटतं, वारा शून्य असेल ती वेळ चांगली. म्हणून हिवाळ्यात पहाटे, धुकं असताना, दवात पाय भिजवत फवारणी सुरू होते. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमीन थंड होते आणि तिच्याजवळची हवाही. वर उबदार हवेचा थर बसतो. नेहमी उलटं असतं, खालची हवा गरम, वरची थंड, त्यामुळे हवा वर-खाली ढवळत राहते आणि बारीक थेंब पातळ होत विरून जातात. पहाटे हे ढवळणं बंद पडलेलं असतं. बारीक थेंब त्या गार थरात लोंबकळत राहतात, खालीही बसत नाहीत, वरही जात नाहीत. मग कधीतरी उतारानं हवा सरकते, आणि तो सगळा थर एकगठ्ठा ओढ्याकडं, खोलगट रानाकडं जातो. दोन शेतं ओलांडूनही जातो. "शेजारच्या रानाला काही झालं नाही आणि त्याच्या पलीकडच्याला झालं, असं कसं?" याचं उत्तर बरेचदा हेच असतं.

ओळखायचं कसं? गावाकडं बघा. चुलींचा धूर घरांवरून वर जाऊन विरत असेल तर ठीक. धूर थोडा वर चढून आडवा पडला असेल, रानावर पांढऱ्या चादरीसारखा तरंगत असेल, तर पंप खाली ठेवा. आसपास चूल पेटलेली नसेल तर बांधावर मूठभर ओलसर पालापाचोळा पेटवून पाहा. लांबचे आवाज नेहमीपेक्षा स्पष्ट येणं, धुकं जमिनीला चिकटलेलं असणं, याही त्याच खुणा.

आपल्याला हवा तो वारा ताशी ३ ते १० किलोमीटर, एका दिशेचा, न भरकटणारा. चेहऱ्याला झुळूक जाणवते, पानं सळसळतात. बारीक फांद्या सतत हलू लागल्या की वारा १२ च्या वर गेला. तणनाशकाचं काम तिथं थांबलं.

सहा फुटी बांबूच्या टोकाला हातभर लोकरीचा धागा बांधा आणि तो शेताच्या मधे रोवा. धागा लोंबतोय म्हणजे वारा नाही, थांबा. थोडा तिरपा आणि एकाच दिशेला, म्हणजे चालू करा. आडवा झाला, किंवा दर मिनिटाला दिशा बदलतोय, तर थांबा. मोबाइलवरचा अंदाज आदल्या दिवशी नियोजनाला चांगला, पण तो वारा जमिनीपासून १० मीटर उंचीचा आणि मोठ्या परिसराचा असतो. तुमच्या बांधावरचा वारा तुमचा धागा सांगेल.

ऊन आणि कोरडी हवा हाही धोका आहे. तापमान ३० अंशांच्या वर गेलं आणि हवा कोरडी असली की थेंब खाली पोहोचेपर्यंत आकसतो. नोझलमधून जाड निघालेला थेंब पानापाशी बारीक होऊन येतो, किंवा येतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) दुपारी एकला तणनाशक मारणं यासाठीच चूक.

मग नेमकी वेळ कोणती? हिवाळ्यात सूर्य वर येऊन दीड-दोन तास झाल्यावर, धूर वर जाऊन विरू लागला की सुरू करा आणि ऊन तापायच्या आत आटपा. उन्हाळ्यात ही संधी लहान असते, सकाळी लवकर संपते. पावसाळ्यात वारा पडण्याची वाट पाहण्यापेक्षा वाऱ्याची दिशा पाहून अर्धं शेत निवडा. संध्याकाळी फवारायचं तर सूर्यास्ताच्या तासभर आधी हात थांबवा, कारण मावळतीच्या सुमारास तो गार थर पुन्हा बसू लागतो.

मधमाश्यांसाठी कीटकनाशक संध्याकाळी मारा असं सांगतात, ते बरोबरच आहे. माश्या पेटीत परतल्या आहेत पण हलकी झुळूक अजून चालू आहे, अशी ती तासाभराची फट असते. ती सापडत नसेल तर पेट्यांच्या मालकाशी बोलून तोंडं बंद करायची किंवा पेट्या हलवायची वेळ ठरवा.

इशारा: वारा शेजाऱ्याच्या हळव्या पिकाकडून तुमच्या रानाकडं वाहत असेल तीच खरी सुरक्षित दिशा. "वारा कमी आहे, चालेल" हा नियम नाही.

## टप्पा ५. शेजाऱ्याला आधी सांगा

फोन करा. "दादा, उद्या सकाळी उसात तणनाशक मारतोय, २,४-डी अमाइन आहे, वारा तुमच्याकडून इकडं असेल तरच मारणार." बस्स. द्राक्षवाल्याला कळलं तर तो त्याची माणसं त्या बाजूला लावणार नाही, रेशीमवाला आदल्या दिवशीच पाला कापून ठेवेल, गुरं सोडणारा दुसरीकडं सोडेल. निर्यातीच्या द्राक्षातले औषधाचे अंश प्रयोगशाळेत तपासतात. त्यानं कधीच न वापरलेलं औषध अहवालात निघालं तर माल अडतो. हे त्याला आधी माहीत असलेलं बरं.

## टप्पा ६. प्रत्यक्ष फवारणी

१. टाकीत आधी निम्मं पाणी, मग मोजलेलं औषध, मग उरलेलं पाणी. पाणी गाळूनच. टाकी काठोकाठ भरू नका, चालताना झाकणातून पाठीवर सांडतं.

२. हातमोजे, पूर्ण बाह्या, गॉगल, मास्क, बूट. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक माणसाच्या उंचीला गेल्यावर तेच उडालेलं औषध आधी फवारणाऱ्याच्याच नाकातोंडात जातं.

३. वारा जिकडं जातो त्या टोकापासून सुरू करा आणि प्रत्येक फेरीला वारा येतो त्या बाजूला सरका. चालायचं वाऱ्याला आडवं. म्हणजे तुम्ही कायम न फवारलेल्या रानात असता आणि फवारा तुमच्यापासून दूर जातो. बरेच जण विहिरीच्या किंवा रस्त्याच्या कडेपासून सुरू करतात, कारण पाणी जवळ असतं. सवय बदला, पाण्याचा ड्रम हलवा.

४. नोझल तणाच्या वर एक हात, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटर. पंप जड झाला, खांदा दुखला की दांडी नकळत वर जाते. दांडीला एक हाताची दोरी बांधा. दोरीचं टोक तणाला लागलं पाहिजे. दोन्ही बाजूंना झाडल्यासारखी दांडी हलवू नका, सरळ पट्टा मारत जा.

५. वारा ज्या बांधाकडं जातोय तिथल्या कडेचा पट्टा सोडून द्या. किती सोडायचा ते लेबलवर असेल तर तेवढा, नसेल तर नीळ-कागदाच्या चाचणीत ठिपके जिथपर्यंत दिसले त्याच्या दुप्पट तरी. तो पट्टा वारा उलटा असेल त्या दिवशी मारा किंवा खुरपा.

६. दर पंप भरताना धाग्याकडं बघा. दिशा फिरली असेल तर अर्धा पंप उरला तरी थांबा.

चूक जी सगळे करतात: शेवटचा पाव पंप उरला म्हणून कडेच्या सरीत दोनदा फिरवणं. कडेलाच सगळ्यात जास्त औषध पडतं, आणि कडेलाच ते नको असतं. उरलेल्यात पाणी मिसळून ते पातळ करा आणि शेताच्या मधल्या भागात, त्याच पिकात संपवा.

### ब्लोअर आणि ड्रोन

द्राक्षात किंवा डाळिंबात ट्रॅक्टरचा ब्लोअर (पंख्याच्या हवेनं फवारणारं यंत्र) बुरशीनाशक, कीटकनाशकासाठी असतो; त्यात तणनाशकाचं कामच नाही. कडेच्या दोन ओळींना बाहेरच्या बाजूची नोझलं बंद ठेवून फक्त आतल्या बाजूला फवारा. ओळ संपून वळताना फवारा बंद. वळताना चालू राहिलेला ब्लोअर सरळ शेजारच्या रानावर झोत टाकतो.

ड्रोन एकरी १० लिटरच्या आसपास पाण्यात काम करतो, म्हणजे प्रत्येक थेंबात औषध जास्त दाट. तो थेंब उडाला तर इजाही जास्त. पिकाच्या वर दीड ते तीन मीटरहून उंच उडवू देऊ नका. चालवणारा झाडं, तारा टाळायला उंची वाढवतो, तिथं फवारा बंद करायला सांगा. शेजारी कापूस किंवा द्राक्ष असेल तर २,४-डी ड्रोननं मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

## टप्पा ७. धुणं

पंप शेतातच धुवा, विहिरीपाशी किंवा ओढ्यावर नाही. आधी साध्या पाण्यानं, ते पाणी दांडीतून आणि नोझलमधून बाहेर काढा. मग धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी तेही दांडीतून सोडा. मग पुन्हा दोनदा साधं पाणी. नळी, गाळणी, वॉशर सोडवून वेगळे धुवा. २,४-डी रबरात लपून बसतं. धुवणाचं पाणी त्याच उसात, कडेपासून लांब. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीत, मग डब्याला भोक पाडा. घरात पाण्याला वापरू नका.

वहीत तारीख, सुरू-संपल्याची वेळ, वाऱ्याची दिशा, औषध, नोझल आणि कोणता पट्टा सोडला हे लिहा. पुढं कुणी बोट दाखवलं तर ही वही कामाला येते.

## दरवर्षी तेच होत असेल तर

बांधावर शेवरी, गिनी गवत किंवा ज्वारी-मक्याच्या दोन-तीन ओळी लावा. केळीच्या पट्ट्यात वाऱ्यासाठी शेवरी लावतातच, तीच इथं कामाची. अडसर फार दाट नको: भिंतीवर वारा आदळला की उसळून वरून पलीकडं जातो. थोडी हवा जाऊ देणारा अडसर थेंब गाळून धरतो. आणि तो अडसर उंच असल्यामुळे निर्धास्त होऊन जोरात फवारू नका.

## नुकसान झालंच असेल तर आधी ओळखा

वाकडं पान दिसलं म्हणजे औषध उडूनच आलं असं नसतं. शेतात फिरून खुणा बघा:

- बांधाकडं जास्त, आत जाताना कमी कमी होत गेलेलं नुकसान: उडालेलं औषध.
- एका पंपात जेवढं क्षेत्र होतं नेमका तेवढाच पट्टा, किंवा पहिल्या पंपाला जास्त आणि नंतर कमी: तुमचाच पंप नीट धुतलेला नव्हता.
- इथं एक झाड, तिथं एक झाड, मधली निरोगी: विषाणू, कीड किंवा अन्नद्रव्य तपासा.
- पानावर थेंबाएवढे गोल भाजलेले डाग आणि नवी फूट चांगली: पॅराक्वाटसारखं स्पर्शानं जाळणारं तणनाशक.

सगळ्यात चांगला साक्षीदार बांधावरच असतो. तिथलं गाजर गवत, बोरीचे शेंडे, कडुनिंबाची कोवळी पालवी बघा. त्यावर तुम्ही काही फवारलेलं नसतं. तेही पिळलेलं असेल तर औषध बाहेरून आलं.

पहिल्या दोन दिवसांत तारखेसह फोटो घ्या, कडेपासून आत दहा-दहा पावलांवर एकेक. सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) बोलावून दोन शेजाऱ्यांसमक्ष पंचनामा करून घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या. पानं वाढत जातात तशा खुणा बदलतात, म्हणून महिनाभर थांबून गेलेल्याच्या हाती काही राहत नाही.

२,४-डीवर उतारा म्हणून विकली जाणारी टॉनिकं घेऊ नका. असा उतारा नाही. हलकी इजा असेल तर पाणी आणि खत नियमित ठेवा, कापूस नव्या फुटीवर सावरू शकतो. वाकडी पानं घाईनं खुडू नका. पुढं येणारी दोन-तीन पानं सरळ निघतात का ते बघा, त्यावरून पीक ठेवायचं की मोडायचं ते ठरवता येईल.